बासच्या तारा आणि ध्वनिफितीची साक्ष : चार्ल्स मिंगस (१९२२–१९७९) याच्या ध्वनिमुद्रित कारकिर्दीचा एक विचार

प्रास्ताविक

लिखित परंपरेच्या संगीताचा इतिहास लिहिताना साधनांचा प्रश्न फारसा अडवत नाही. रचनाकाराच्या हातचे कागद असतात, छापील स्वरलिपी असते, पत्रव्यवहार असतो. जॅझ या संगीतप्रकाराचे तसे नाही. त्यातील महत्त्वाचा भाग वादनाच्या क्षणी निर्माण होतो आणि त्या क्षणाबरोबरच संपतो. १९१७ साली जॅझची पहिली तबकडी बाजारात आली आणि तेव्हापासून या संगीताच्या इतिहासकाराचे प्रमुख साधन तबकडी हेच राहिले आहे. परंतु कागदपत्रांच्या बाबतीत आपण जी चिकित्सा सहज करतो, म्हणजे हा कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, नंतर त्यात कोणी फेरफार केला का, ती चिकित्सा तबकडीच्या बाबतीत क्वचितच केली जाते. ध्वनी कानावर पडतो तेव्हा तो आपोआपच खरा वाटतो.

प्रस्तुत लेखात अमेरिकन जॅझ बासवादक आणि रचनाकार चार्ल्स मिंगस याच्या कारकिर्दीकडे या दृष्टीने पाहिले आहे. मिंगसविषयी इंग्रजीत विपुल लेखन झाले आहे. ब्रायन प्रीस्टली यांचे चिकित्सक चरित्र १९८२ साली, जीन सांतोरो यांचे चरित्र २००० साली आणि क्रिन गॅबार्ड यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. या लेखनात मिंगसचा तापट स्वभाव, त्याची राजकीय भूमिका आणि त्याच्या रचनांची बांधणी यांवर साहजिकच भर आहे. माझ्या मते त्याच्या आयुष्यातील अनेक घटनांना जोडणारा धागा मात्र ध्वनिमुद्रणाचा आहे. तबकडीवर काय ऐकू यावे हे कोणी ठरवायचे, आणि ती तबकडी अखेर कोणाच्या मालकीची, या प्रश्नांशी तो जवळजवळ तीस वर्षे झगडत होता. त्याने निवडलेले वाद्य लक्षात घेतले तर या झगड्याचा उगमही कळतो.

न ऐकू येणारे वाद्य

डबल बास हे माणसाच्या उंचीपेक्षा मोठे, चार तारांचे, खर्जातील वाद्य. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ते गजाने वाजवतात. जॅझमध्ये प्रामुख्याने बोटांनी तारा छेडून. वृंदाची लय आणि स्वरसंगतीचा पाया ते धरून ठेवते. १९२५ च्या आसपास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू होईपर्यंत वादकांना एका कर्ण्यासमोर बसून वाजवावे लागे आणि त्या कर्ण्यात बासचा खर्ज नीट उमटत नसे. म्हणून त्या काळातील अनेक तबकड्यांवर बासऐवजी ट्यूबा वापरलेला आढळतो. म्हणजे प्रत्यक्ष मैफलीत कोणते वाद्य वाजत होते, याविषयीही जुन्या तबकड्या आपली दिशाभूल करू शकतात.

विद्युत मुद्रण आल्यावरही बासवादकाचे स्थान संगतकाराचेच राहिले. आपल्याकडील जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर तबला वा सारंगी वाजविणाऱ्याचे नाव बहुधा नसे, हे संग्राहकांना ठाऊक आहेच. अमेरिकेतील बासवादकाची अवस्था काहीशी तशीच होती. ही चौकट प्रथम ठळकपणे मोडली ती जिमी ब्लँटन याने. ड्यूक एलिंग्टनच्या वृंदात १९३९ ते १९४१ या काळात त्याने बासला स्वतंत्र आवाज दिला. १९४२ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, क्षयाने तो गेला. मिंगस त्याच वाटेवरचा पुढचा वादक.

वॉट्सपासून न्यूयॉर्कपर्यंत

मिंगसचा जन्म २२ एप्रिल १९२२ रोजी मेक्सिकोच्या सीमेवरील नोगालेस, अ‍ॅरिझोना येथे झाला. वडील अमेरिकी लष्करात सार्जंट होते. जन्मानंतर काही महिन्यांतच आई वारली आणि त्याचे बालपण लॉस एंजेलिसमधील वॉट्स या वस्तीत सावत्र आईच्या देखरेखीखाली गेले. घरात चर्चच्या संगीतालाच मुभा होती. होलीनेस पंथाच्या प्रार्थनासभांतील टाळ्या, हुंकार, एकाने म्हणावे आणि समुदायाने उत्तर द्यावे ही पद्धत, हे सारे त्याच्या कानात बसले. दुसरा संस्कार रेडिओचा. रेडिओवर ऐकलेल्या एलिंग्टनने त्याला जे वेड लावले ते अखेरपर्यंत टिकले.

तो आधी ट्रॉम्बोन शिकला, नंतर चेलो. चेलोवर त्याचा हात चांगला होता. परंतु अभिजात संगीताच्या वृंदांची दारे त्या काळी कृष्णवर्णीय वादकाला बंदच होती, आणि हे कटू वास्तव त्याचा शाळासोबती, पुढे नामवंत झालेला सॅक्सोफोनवादक बडी कॉलेट याने त्याच्यासमोर ठेवले. चेलो सोडून त्याने बास घेतला. हा बदल आवडीनिवडीचा नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. वंशभेदाने त्याला त्या वाद्याकडे ढकलले आणि त्याने ते वाद्य चेलोसारखे गाते केले. रेड कॅलेंडर हा त्याचा पहिला गुरू. पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजविलेले हर्मन राइनशागेन यांच्याकडे त्याने पाच वर्षे अभ्यास केला. लॉइड रीझ यांच्याकडे रचनाशास्त्राचे धडे घेतले. विशीत पाऊल टाकण्याआधीच ‘हाफ-मास्ट इन्हिबिशन’ ही मोठ्या वृंदासाठीची रचना त्याने केली. ती मुद्रित व्हायला मात्र १९६० साल उजाडले.

याच तरुण वयात सॅन फ्रान्सिस्को परिसरातील फारवेल टेलर या चित्रकाराशी त्याचा स्नेह जडला. टेलरमुळे त्याला वेदान्तविचाराची ओळख झाली. हा परिचय किती खोल होता याचा निवाडा करणे कठीण आहे. पण तो क्षणिक नव्हता, हे त्याच्या अंत्यविधीच्या संदर्भात पुढे दिसेल. १९५९ साली त्याने टेलरच्या नावावर शब्दखेळ करून ‘फार वेल्स, मिल व्हॅली’ ही रचना मुद्रित केली.

१९४० च्या दशकात त्याने लुई आर्मस्ट्राँग आणि लायोनेल हॅम्प्टन यांच्या वृंदांत काम केले. हॅम्प्टनच्या वृंदाने १९४७ साली त्याची ‘मिंगस फिंगर्स’ ही रचना मुद्रित केली. १९५० मध्ये व्हायब्रोफोनवादक रेड नॉर्व्हो आणि गिटारवादक टॅल फार्लो यांच्याबरोबरच्या त्रयीत त्याचे नाव झाले. ढोल नाही, पियानो नाही. अशा त्रयीत बास लपूच शकत नव्हता. यानंतर तो न्यूयॉर्कला आला. १९५३ च्या आरंभी त्याच्या दैवताच्या, म्हणजे एलिंग्टनच्या वृंदात त्याला जागा मिळाली. ट्रॉम्बोनवादक हुआन तिझोल याच्याशी झालेल्या भांडणामुळे ती काही दिवसांतच गेलीही. एलिंग्टन सहसा कोणाला स्वतः कामावरून काढत नसे. मिंगस हा त्या मोजक्या अपवादांपैकी एक.

मॅसी हॉलची ध्वनिफीत

१९५२ साली मिंगस, त्याची तत्कालीन पत्नी सिलिया आणि ढोलवादक मॅक्स रोच यांनी ‘डेब्यू’ नावाची स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली. वादकांनी, त्यातही कृष्णवर्णीय वादकांनी, स्वतःच्या मालकीची कंपनी चालवावी ही त्या काळी अत्यंत विरळा गोष्ट होती. रचनेचे हक्क कंपनीकडे, मुद्रणाची मालकी कंपनीकडे, आणि वादकाच्या हाती एकरकमी बिदागी, असा व्यवहार सर्रास चाले. सिलिया बरेचसे व्यवस्थापन पाहत असे आणि संस्थेचा पसारा घरगुतीच होता. या संस्थेच्या नावावर जॅझच्या इतिहासातील एक अत्यंत मोलाची तबकडी जमा आहे, आणि माझ्या विवेचनाच्या दृष्टीने तीच मध्यवर्ती आहे.

१५ मे १९५३ रोजी कॅनडातील टोरांटो शहरातल्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, मॅक्स रोच आणि मिंगस हे पाच वादक एकत्र आले. त्याच रात्री रॉकी मार्सियानो आणि जर्सी जो वॉल्कॉट यांच्यात जगज्जेतेपदाची मुष्टियुद्धाची लढत होती, आणि हजारो आसनांच्या त्या सभागृहात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पार्करने त्या दिवशी प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजविला. संयोजकांना ठरलेले मानधन पूर्णपणे देता आले नाही. मैफलीचे ध्वनिमुद्रण मात्र झाले होते आणि त्या ध्वनिफिती मिंगस व रोच न्यूयॉर्कला घेऊन आले.

फिती ऐकल्यावर मिंगसच्या लक्षात आले की त्याचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. तेव्हा त्याने स्टुडिओत जाऊन, मूळ मुद्रण ऐकत, स्वतःचा बास पुन्हा वाजविला आणि तो त्या फितीवर चढविला. या पद्धतीला ओव्हरडबिंग म्हणतात. डेब्यूने जी तबकडी प्रसिद्ध केली ती या भर घातलेल्या मुद्रणाची. त्यावर पार्करचे नावही खरे नाही. त्याचा दुसऱ्या कंपनीशी करार असल्यामुळे तो तेथे ‘चार्ली चॅन’ म्हणून वावरतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या तबकडीला काय म्हणावे? ती १५ मे १९५३ च्या रात्रीचा पुरावा आहे. आणि ती तशी नाहीही. बासचा जो आवाज आपण ऐकतो तो त्या रात्रीचा नव्हे, नंतरचा. यावर टीका झाली आहे आणि मूळ, भर न घातलेले मुद्रणही पुढे उपलब्ध झाले. शुद्धतेच्या आग्रहापोटी भर घातलेली आवृत्ती नकली ठरविणे सोपे आहे. परंतु मूळ फीत तरी कितपत खरी? त्या रात्री सभागृहात बास वाजत होता. ध्वनिक्षेपकाने तो टिपला नाही. म्हणजे निर्भेळ म्हणविणाऱ्या फितीतही एक माणूस गाळला गेला होता, आणि तो गाळला जाण्यामागे वाद्याविषयीची जुनी उपेक्षा होती. मला तरी या दोन आवृत्ती दोन भिन्न प्रकारच्या साक्षी वाटतात. एकीत यंत्राने केलेली निवड आहे, दुसरीत वादकाने केलेली दुरुस्ती. त्या दोन्ही ऐकल्याशिवाय त्या रात्रीविषयी काही लिहू नये.

कार्यशाळा

डेब्यू १९५७ पर्यंत कशीबशी चालली. तिचा संग्रह पुढे फँटसी या कंपनीकडे गेला. दरम्यान मिंगसने आपल्या वृंदाला ‘जॅझ वर्कशॉप’ असे नाव दिले होते, आणि ते नाव शब्दशः खरे होते. श्रोत्यांसमोरच तो वृंद थांबवी, वादकाला खडसावी, पुन्हा आरंभापासून सुरू करी. १९५६ च्या जानेवारीत अटलांटिक कंपनीसाठी मुद्रित केलेल्या ‘पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस’ या तबकडीपासून त्याने वादकांना लिखित स्वरलिपी देण्याऐवजी पियानोवर वाजवून, गाऊन रचना शिकविण्याचा मार्ग अवलंबिला. मौखिक परंपरेत वाढलेल्या आपल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. अमेरिकेतील वादकांना मात्र हे कष्टाचे वाटे. कागदावर लिहिलेले स्वर वादक नुसते वाचतो, आत्मसात करत नाही, अशी त्याची धारणा होती. मूळचा सॅक्सोफोनवादक असलेला डॅनी रिचमंड त्याच्याकडे ढोलवादक म्हणून घडला आणि मधले खंड वगळता वीस वर्षांहून अधिक काळ त्याच्या सोबत राहिला. रचनेची लय मध्येच दुप्पट करायची वा अचानक थांबवायची, तर या दोघांना खुणेचीही गरज भासत नसे.

फॉबस प्रकरण

१९५९ हे मिंगसच्या तबकड्यांचे सर्वांत भरघोस वर्ष. फेब्रुवारीत ‘ब्लूज अँड रूट्स’, मे महिन्यात कोलंबिया कंपनीसाठी ‘मिंगस आह अम’. दुसऱ्या तबकडीचा निर्माता टिओ मासेरो हा पूर्वी मिंगसच्याच रचनाकार-मंडळातील सॅक्सोफोनवादक होता. मार्चमध्ये निवर्तलेल्या लेस्टर यंगच्या स्मरणार्थ केलेली ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ ही विलापिका याच तबकडीत आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००३ साली ही तबकडी राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट केली. श्रोत्यांना वीस वर्षे जी परिचित होती ती मात्र काटछाट केलेली आवृत्ती होती. लाँगप्ले तबकडीच्या मर्यादेत बसविण्यासाठी काही रचनांतील भाग कापले गेले होते, आणि ते १९७९ मध्ये, म्हणजे मिंगसच्या मृत्यूनंतर, बाहेर आले.

त्यातील ‘फेबल्स ऑफ फॉबस’ या रचनेची कथा निराळी आहे. १९५७ च्या सप्टेंबरात आर्कान्सा राज्याचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने लिटल रॉक येथील सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून राज्याचे नॅशनल गार्ड उभे केले. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कराची १०१ वी छत्रीधारी तुकडी पाठवावी लागली. मिंगसची रचना ही या फॉबसची विटंबना आहे. चाल मुद्दाम बेडौल, लंगडत चालणारी, विदूषकी. कोलंबियाच्या तबकडीवर ती केवळ वाद्यांवर आहे. तिचे शब्द कंपनीने मुद्रित होऊ दिले नाहीत, असे सामान्यतः सांगितले जाते. शब्द नंतर रचले गेले, असेही एक मत आहे. २० ऑक्टोबर १९६० रोजी नॅट हेन्टॉफ यांच्या देखरेखीखालील ‘कँडिड’ या छोट्या संस्थेसाठी तीच रचना मिंगस आणि रिचमंड यांच्या सवाल-जवाबासह मुद्रित झाली. ‘ओरिजिनल फॉबस फेबल्स’ या शीर्षकातील ‘मूळ’ हा शब्दच एक दावा आहे. कोलंबियाची आवृत्ती आधीची असली तरी मूळ नव्हे, असे मिंगस येथे बजावतो.

ही तबकडी साधनचिकित्सेच्या दृष्टीने आणखी एका कारणासाठी मनोरंजक आहे. तीत मिंगस श्रोत्यांना उद्देशून बोलतो: टाळ्या वाजवू नका, पेल्यांचा आवाज करू नका. ऐकणाऱ्याला वाटते की मैफल एखाद्या क्लबात चालू आहे. प्रत्यक्षात ती स्टुडिओत मुद्रित झाली. समोर कोणी श्रोते नव्हते. एरिक डॉल्फी, टेड कर्सन, रिचमंड आणि मिंगस या चौघांनी क्लबातील नेहमीची वहिवाट रिकाम्या खोलीत उभी केली होती. या मुद्रणात डॉल्फीचा बास क्लॅरिनेट आणि मिंगसचा बास यांचा एक प्रदीर्घ संवाद आहे. शब्द नाहीत, तरी दोन माणसे भांडत आहेत आणि मग समेटावर येत आहेत, हे कोणालाही कळावे. मिंगसच्या संगीताशी प्रथमच परिचय करून घेऊ इच्छिणाऱ्याला मी हीच तबकडी सुचवीन.

त्याच वर्षीच्या जुलैत, न्यूपोर्ट येथील मोठ्या जॅझ महोत्सवातील मानधनाच्या विषमतेवर बोट ठेवीत, मिंगस आणि रोच यांनी त्याच गावात क्लिफ वॉक मॅनर येथे प्रतिमहोत्सव भरविला. योगायोगाने मुख्य महोत्सव तरुणांच्या दंगलीमुळे अर्ध्यात बंद पडला.

टाउन हॉल आणि एक दात

येथवरच्या वर्णनावरून मिंगस हा केवळ अन्यायग्रस्त असल्याचे चित्र उभे राहील, तर ते एकांगी होईल. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये सुमारे तीस वादकांचा कार्यक्रम ठरला. कंपनीने तारीख कित्येक आठवडे अलीकडे आणली. रचना पूर्ण झाल्या नव्हत्या. नकलनवीस प्रत्यक्ष रंगमंचावर बसून स्वरलिपी उतरवीत होते. मध्यरात्र झाली आणि पडदा पडला. त्याआधीच्या तयारीत मिंगसने आपला जुना सहकारी, ट्रॉम्बोनवादक जिमी नेपर याच्या तोंडावर ठोसा मारला. नेपरचा दात तुटला. ट्रॉम्बोन ओठांवर आणि दातांच्या आधारावर वाजतो. नेपरच्या वादनातील वरचे सप्तक त्यामुळे गेले. खटला झाला आणि मिंगसला स्थगित शिक्षा झाली.

चरित्रकार हा प्रसंग बहुधा मिंगसच्या तणावाच्या संदर्भात सांगतात. तणाव खरा होता. परंतु आपल्या वादनातील एकही स्वर गाळला जाऊ नये म्हणून झटणाऱ्या माणसाने दुसऱ्या वादकाचे एक सप्तक हिरावून घेतले, ही वस्तुस्थिती सौम्य करून सांगण्याचे कारण मला दिसत नाही. नेपरने पुढे मिंगसबरोबर पुन्हा काम केले, ही नेपरची उदारता मानावी लागेल.

त्या रात्रीची कंपनीने काढलेली तबकडी तोकडी आणि गोंधळलेली होती. १९९४ साली अधिक पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर प्रथमच कळले की ज्याला तीन दशके निव्वळ फजिती म्हटले गेले त्यात ऐकण्याजोगे बरेच होते.

तीनच महिन्यांनी, २० जानेवारी १९६३ रोजी, ‘द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी’ हे नृत्यनाट्यासारखे सलग रचलेले काम इम्पल्स कंपनीसाठी मुद्रित झाले. येथे ध्वनिफीत कापणे, जोडणे, एकावर एक चढविणे हा रचनेचाच भाग झाला. मॅसी हॉलच्या वेळी जी दुरुस्ती होती ती आता शैली बनली. चार्ली मरियानो याच्या आल्टो सॅक्सोफोनचे काही आर्त भाग मुख्य मुद्रणानंतर चढविलेले आहेत. हाच मरियानो पुढे दक्षिण भारतीय नागस्वरम् शिकला आणि १९८० च्या दशकात बंगळूरच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन या वृंदाबरोबर त्याने तबकड्या केल्या. या तबकडीच्या वेष्टणावरील टिपणाचा एक भाग मिंगसने आपल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून, डॉ. एडमंड पोलॉक यांच्याकडून, लिहून घेतला होता. असा दुसरा दाखला मला आठवत नाही.

टपालाने तबकड्या

१९६४ च्या एप्रिलात डॉल्फी, क्लिफर्ड जॉर्डन, जॉनी कोल्स, जॅकी बायर्ड आणि रिचमंड यांना घेऊन मिंगस युरोपच्या दौऱ्यावर गेला. पॅरिसमध्ये कोल्स रंगमंचावरच कोसळला. उरलेल्या पाच जणांनी दौरा पूर्ण केला. डॉल्फी युरोपातच थांबला आणि २९ जून रोजी बर्लिनमध्ये वारला. या दौऱ्यातील मैफली चोरून मुद्रित झाल्या आणि पुढे त्यांच्या बेकायदा तबकड्या वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. मिंगसला त्यातून काही मिळाले नाही.

अमेरिकेत परतल्यावर त्याने पुन्हा स्वतःची संस्था काढली. या वेळी दुकाने वगळून टपालाने विक्री करण्याचा घाट घातला गेला. १९६४ च्या माँटेरे महोत्सवातील मैफल अशा रीतीने ग्राहकांकडे गेली. हा व्यवहार टिकला नाही. १९६६ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमधील ग्रेट जोन्स स्ट्रीटवरील जागेतून त्याला बाहेर काढण्यात आले. तेथे संगीतशाळा काढण्याचा त्याचा मनसुबा होता. बास, कागद, फर्निचर सारे रस्त्यावर आले. थॉमस राइशमन यांच्या माहितीपटात हा प्रसंग टिपलेला आहे. आपल्या स्वरलिपींचे गठ्ठे गाडीत फेकले जात असताना पाहणारा मिंगस त्यात दिसतो. त्याने काय गमावले याची पूर्ण यादी कोणाकडेच असणे शक्य नाही.

त्यानंतरची काही वर्षे तो जवळजवळ गप्प होता. १९७१ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली आणि ‘बिनीथ द अंडरडॉग’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. हे पुस्तक इतिहासाचे साधन म्हणून वापरताना फार सावध राहावे लागते. नेल किंग यांनी मोठ्या हस्तलिखितातून ते संपादित केले आहे. निवेदक स्वतःला तृतीय पुरुषात पाहतो. प्रौढी, कल्पना आणि वस्तुस्थिती यांची सरमिसळ त्यात उघड आहे. त्यापेक्षा ‘लेट माय चिल्ड्रन हिअर म्यूझिक’ या तबकडीसोबतचे त्याचे टिपण रचनाकार म्हणून त्याची भूमिका अधिक स्वच्छपणे मांडते. १९७४ च्या डिसेंबरातील ‘चेंजेस’ मालिकेत त्याच्या अखेरच्या मोठ्या वृंदाचे काम आहे. अ‍ॅटिका तुरुंगातील १९७१ च्या हत्याकांडाची आठवण करून देणारी रचनाही त्यातच आहे.

१९७७ च्या अखेरीस त्याला अ‍ॅमियोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस हा असाध्य विकार जडल्याचे निदान झाले. त्यात चेतापेशी निकामी होत जातात आणि स्नायू एकेक करून थांबतात. आधी बोटे गेली. बास सुटल्यावर तो टेपरेकॉर्डरमध्ये गुणगुणून रचना सांगू लागला, आणि गायिका जोनी मिचेल हिच्याबरोबर एक तबकडी आकाराला आली. १८ जून १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर जॅझवादकांचा मेळावा भरविला तेव्हा चाकांच्या खुर्चीत बसलेल्या मिंगससाठी सारे उभे राहिले आणि तो रडला. ५ जानेवारी १९७९ रोजी मेक्सिकोतील कुएर्नाव्हाका येथे, छप्पन्नाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याच्या इच्छेप्रमाणे पत्नी सू मिंगस हिने अस्थी भारतात आणून गंगेत विसर्जित केल्या.

मृत्यूनंतरचा पुरावा

सू हिने पुढील चार दशके जे केले त्याला निव्वळ स्मृतिजतन म्हणता येणार नाही. वृंद उभे केले, स्वरलिपी प्रसिद्ध केल्या. मिंगसच्या कागदांची सूची करताना अँड्र्यू होम्झी या संशोधकाला ‘एपिटाफ’ या महारचनेची सुटी पाने सापडली. ४,२३५ मात्राखंडांची ही रचना, जिचे काही तुकडे टाउन हॉलच्या त्या रात्री वाजले होते, ३ जून १९८९ रोजी गुंथर शुलर याच्या दिग्दर्शनाखाली प्रथमच सलग सादर झाली. वादकांना कागद न देणाऱ्या या रचनाकाराचे सर्वांत मोठे काम कागदामुळे वाचले. १९९३ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याचा संग्रह विकत घेतला.

बेकायदा तबकड्यांविरुद्ध सू स्वतः दुकानांत जाऊन त्या उचलून आणीत असे. १९९६ मध्ये तिने १९६४ च्या पॅरिस मैफली आपल्याच संस्थेतर्फे प्रसिद्ध केल्या. संस्थेला आणि संचाला तिने ‘रिव्हेंज’, म्हणजे सूड, हे नाव दिले. २०२२ साली, मिंगसच्या जन्मशताब्दीच्या वर्षीच, तिचे निधन झाले.

तिने पुन्हा बाजारात आणलेल्या मुद्रणांपैकी एकाचा उल्लेख येथे करायला हवा. १९६५ च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मिंगसच्या आठ जणांच्या वृंदाची मैफल झाली. एक रचना पुन:पुन्हा बिघडू लागली तेव्हा त्याने ती थांबविली, अर्ध्या वादकांना श्रोत्यांदेखत आत सराव करायला पाठविले आणि उरलेल्यांना घेऊन वाजवीत राहिला. हे मुद्रण त्याने आपल्या टपाली संस्थेतर्फे स्वतःच काढले. केवळ दोनशे प्रती निघाल्या. कात्री या वेळी पूर्णपणे त्याच्या हातात होती, आणि मॅसी हॉलच्या फितीवर नवा बास चढविणाऱ्या या माणसाने तो बिघाड, ती दटावणी, सारे काही तबकडीवर राहू दिले. २००६ साली सू हिने ती दोन सीडींच्या रूपात पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हाही तो भाग तसाच ठेवला.